चिलकूटच्या वाटेवर मेश्राम

दुकानदाराकडे किस्से आपोआप साचतात. गिऱ्हाईक माल घेऊन जातं, गोष्ट काउंटरवर ठेवून जातं. माझी शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते न्यू जर्सीतल्या माझ्या किराणा दुकानात, लोकांचं ऐकून. पण अलास्कातल्या चिलकूट ट्रेलचे किस्से माझे स्वतःचे. ऐंशीच्या दशकात आम्ही तिघं गेलो होतो. मी, आणि माझी नेहमीची गिऱ्हाइकं, मूळचे पुण्याचे आपटे आणि नागपूरचे मेश्राम.

*

निघण्याआधी मेश्राम दुकानात आले. त्यांची मुलगी सुजाता इंजिनिअरिंग सोडून त्याच ट्रेलवर रेंजर झाली होती. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद.

"सुजाताला भेटायला का?" मी विचारलं.

"डोंगर बघायला," ते म्हणाले, आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची दोन पाकिटं पुढे सरकवली.

मेश्रामांना डायबेटिस. मी पाकिटं पिशवीत टाकली.

*

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोन्याच्या मागे हजारो माणसं याच वाटेनं गेली. चढ झेपेना तसा माल टाकत गेली. गंजलेल्या शेगड्या, बुटांचे तळवे अजून पडलेत.

"शेठ, केवढा माल पडलाय. सेल लावा," आपटे म्हणाले.

मी म्हटलं, "टाकणाऱ्याला टाकतानाच महाग पडला असेल हो."

मेश्राम एका बुटापाशी बराच वेळ उभे राहिले.

*

अस्वलं बिचकावीत म्हणून तिथे मोठ्याने बोलत चालायचं असतं. आपट्यांनी अडीचकीचा पाढा सुरू केला. मी डाळींचे भाव ओरडलो. मेश्राम गप्प.

"बोला की राव! तुमच्यापायी अस्वल यायचं," आपटे म्हणाले.

तेव्हा मेश्राम झाडांकडे बघत मोठ्याने बोलले. "मी तिला फोनवर म्हणालो, माझ्या बापानं मला शिकवलं ते तू रानात झाडू मारावास म्हणून नाही. ती काहीतरी सांगत होती. मी फोन ठेवला."

आपट्यांनी पुन्हा पाढा धरला, पण हळू आवाजात. तरीही अस्वल आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी ओलांडायच्या खिंडीखालच्या मुक्कामावर रोज संध्याकाळी रेंजर सगळ्यांना सूचना देतात. त्या दिवशी सुजाताच होती. पाच-सहा अमेरिकन माणसं ओंडक्यांवर बसलेली. मेश्राम सगळ्यांच्या मागे. तिनं त्यांना पाहिलं, थोडी अडखळली, पुढे बोलत राहिली. पहाटे निघा. दुपारच्या आत खिंड गाठा. एनी क्वेश्चन्स?

मेश्रामांनी हात वर केला. इंग्रजीतच विचारलं, "आणि माणूस उशिरा पोचला तर?"

सुजाता हातमोजा नुसताच काढत-घालत राहिली. मग मोडक्या मराठीत म्हणाली, "लेट येणाऱ्यांसाठी मी थांबते, बाबा. तेच माझं काम आहे."

शेजारच्या अमेरिकनानं मला हळूच विचारलं, ती काय म्हणाली?

मी सांगितलं, "पहाटे निघायचंय."