रेखाच्या झोपेचा हेवा

"हर्पीस झोस्टर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे नागीण."

पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात मी कुर्ता वर धरून बसले होते. डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा आणि आत नुसती आग. खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: मलाच का? रेखाला का नाही?

रेखा माझी धाकटी जाऊ. कुरुळीत आम्ही एकाच घरात राहतो. मी चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. रात्रपाळी करून सकाळी नऊला आडवी झाले की बाहेर कंटेनरचे हॉर्न, वर तापलेला पत्रा. तीन तास झोप लागली तरी खूप. रेखा मात्र दुपारी जेवून चटईवर कलंडली की पाच मिनिटांत घोरायला लागायची. तिचं ते उघडं तोंड बघून माझा जळफळाट व्हायचा. एकदा मी मुद्दाम पातेलं आपटलं. तिनं नुसती कूस बदलली.

वर्षभर सर्दी हटत नव्हती, अधूनमधून कणकण असायची. सगळं अंगावर काढलं.

"झोप किती होते?" डॉक्टरबाईंनी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. सकाळी तपासायला घेतलेल्या रक्तात सीआरपी वाढलेला होता. सीआरपी म्हणजे शरीरात कुठेतरी दाह, सूज असल्याची खूण.

"लहानपणी कांजिण्या होतात ना, त्यांचा विषाणू नसांमध्ये झोपून राहतो. प्रतिकारशक्ती कमी पडली की जागा होतो. झोप हे एकच कारण आहे असं नाही. पण रोज झोप मोडली की शरीराची राखण ढिली पडते, दाह वाढतो. गोळ्या देते. पण झोपायलाही लागेल."

विषाणूसुद्धा वर्षानुवर्षं झोपतो, मीच तेवढी जागी! मला त्याचाही हेवा वाटला.

घरी रेखानं माझी पोरं तिच्या खोलीत नेली. खिडकीला जाड चादर लावली. गोळी दिवसातून पाच वेळा. प्रत्येक वेळी ती पाणी घेऊन हजर. चौथ्या दिवशी ठणक इतकी वाढली की मी रडायला लागले आणि बोलून गेले, "तुझं बरं आहे गं. पडलीस की झोपतेस."

तिनं माझ्या हातातला पेला काढून घेतला. मग म्हणाली, "ताई, तुमी गळ्यात आयकार्ड घालून बसमधी चढता, तवा माझ्या पोटात दुखतं. दुपार खायला उठती. मंग झोपून टाकती. दुसरं काय करू?"

इतकी वर्षं आम्ही दोघी एकमेकींवर जळत होतो.

फोड महिनाभरात सुकले, ठणक आणखी काही आठवडे राहिली. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मी सहा महिने रात्रपाळी बंद करून घेतली. तुम्हीही झोप होत नसेल तर माझ्यासारखं लपवू नका. तापाइतकंच ते डॉक्टरांना सांगा.

गेल्या महिन्यात मी रेखाला पॅकिंगच्या कामासाठी मोशीच्या एका कंपनीत घेऊन गेले. तिला काम मिळालं, तेही कायम दिवसपाळीचं. ऐकलं आणि माझा पुन्हा जळफळाट झाला. पण या वेळी तिला तोंडावर सांगितलं, "रेखा, मी जळतेय हं तुझ्यावर."

"जळा की," ती म्हणाली. "पन आदी डबा काय न्यायचा ते सांगा."