नील बेटावरची खुटी

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये भांडण नको. मी असल्या गोष्टी मानत नाही. आमचं बौद्ध घर, मी गोंदियाजवळच्या कुडव्यात वाढले. शेजारी कोणाच्या अंगात आलं की आमचे बाबा म्हणायचे, "त्याले आधी जेवू घाला, मंग विचारा." वरून मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. दिवसभर काचपट्टीवर रक्त बघणारी बाई... भुताच्या गप्पा सांगायला कोणी आलं तर मी चहासुद्धा विचारत नाही. तरी हे लिहितेय, कारण वर्ष होत आलं आणि माझ्याकडे याचं उत्तर नाही.

माझा नवरा संदीप अर्जुनी मोरगावकडचा, कोहळी समाजाचा. आमच्या जिल्ह्यात गावोगावी जे जुने तलाव आहेत ना, त्यातले कितीतरी या लोकांच्या वाडवडिलांनी बांधलेले. त्यांच्या घरी एक सवय आहे. कुठल्याही पाण्याजवळ गेलं की अगदी पाण्याच्या रेषेवर एक खुटी ठोकायची. पाणी चढतंय की उतरतंय ते तिच्यावर कळतं. माझे सासरे रोज सकाळ-संध्याकाळ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जाऊन खुटी बघतात. हे मला संदीपनेच सांगितलेलं, कारण सासऱ्यांना मी तोवर भेटलेच नव्हते.

लग्न आम्ही कोर्टात केलं. त्याला दोन वर्षं झाली होती आणि सासऱ्यांचा संदीपला निरोप एकच — "तू ये, तिले आणू नको." सासूबाई वावरातून चोरून फोन करायच्या, तेवढाच संबंध. सासऱ्यांचा फोटो पाहिला होता. आवाज मात्र एकदाही ऐकला नव्हता. हे नीट लक्षात ठेवा.

तर आम्ही गेलो अंदमानला. हनिमून राहूनच गेला होता, म्हणून मागच्या जानेवारीत जमवलं. गोंदियाहून हावड्यापर्यंत स्लीपर, पुढे कलकत्त्याहून सगळ्यात स्वस्त विमान, बोटीने नील बेट, आणि तिथे एका बंगाली काकीच्या घरची पत्र्याची खोली. सोबत माझ्या आईने दिलेला चिवडा आणि तिखट पुऱ्या, चार दिवस पुरल्या. खोली कसली, खुराडं होतं. पण दार उघडलं की समोर समुद्र. मी पहिल्यांदाच समुद्र पाहत होते. अर्धा तास नुसती उभी राहिले... लाज वाटते सांगायला, पण रडलेसुद्धा.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, जेवण झाल्यावर आम्ही पायी किनाऱ्याने निघालो. काकी म्हणाली, "तीन बजे के पहले लौट आना, हाँ?" आम्हाला वाटलं तिचा झोपायचा टाईम असेल.

पाणी इतकं मागे गेलं होतं की दूरपर्यंत ओली वाळू आणि खडक उघडे पडले होते. आत बऱ्याच अंतरावर वाळूचा एक उंचवटा दिसत होता. मी म्हटलं, एवढ्या आत नको. संदीप हसला. "अगं, पाणी उतरलं म्हणजे उतरलं. आता काही वापस येत नाही." तलावाचा माणूस! यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी हटलं की त्या जागी पावसाळ्यापर्यंत ढोरं चरतात. शाळेत भरती-ओहोटी दोघांनीही पाठ केली होती, मार्कही घेतले होते, पण डोक्यात तलावच होता. मी पण मान डोलावून त्याच्या मागे गेले, म्हणजे शहाणी मीही नव्हतेच.

उंचवट्याच्या अलीकडे एक सखल पट्टा होता, त्यात घोट्याएवढं पाणी. तो ओलांडला आणि संदीपने सवयीने एक वाळलेली काडकी उचलून पाण्याच्या काठाला खोचली. कमरेएवढी उंच असेल. मी चिडवलं, "इथे पण तुमची खुटी?" तो म्हणाला, "बाबा इथे असते तर आधी हेच करते."

झालं... बाबांचं नाव निघालं आणि आमचं सुरू झालं. उंचवट्यावर समुद्राकडे तोंड करून बसलो आणि भांडलो. तो म्हणत होता, होळीला मी एकटा जाऊन येतो. मी म्हटलं, आता बस झालं. जाशील तर दोघं, नाही तर कोणीच नाही, आणि उद्या लेकरू झालं तर त्याला काय सांगशील, आजोबाच्या घरी तुझी आई चालत नाही म्हणून? तो वाळूत रेघोट्या ओढत बसला. मला तेव्हा खरंच वाटलं होतं की हे लग्न असंच कुढत चालणार. किती वेळ बसलो कोणास ठाऊक.

आणि मागून आवाज आला. म्हाताऱ्या माणसाचा, घोगरा, मध्येच खोकून पुन्हा बोलावं तसा.

"पोरी, मागं पाह्य... खुटी पाह्य."

मला वाटलं संदीपच थट्टा करतोय. "काय म्हणालास?" म्हटलं तर तो तोंड फुगवून, "मी कुठे काय बोललो?" मी मागे वळले. माणूस कोणी नव्हता. आणि खुटीही नव्हती... म्हणजे होती, तिचं बोटभर टोक पाण्याबाहेर राहिलं होतं. घोट्याएवढा तो पट्टा नदीसारखा वाहत होता. समोर समुद्र अजून लांबच होता. पाणी आमच्या मागून भरलं होतं.

मला पोहता येत नाही. संदीपने माझं मनगट असं धरलं की आठ दिवस वळ गेला नाही. मधोमध पाणी माझ्या छातीला लागलं, एकदा पाय सुटलाही. बाहेर पडून दोघं वाळूवर पडलो. वीस मिनिटांनी पाहिलं तर आम्ही बसलो होतो तो उंचवटाच दिसत नव्हता.

काकीने आम्हाला बंगालीत काय काय सुनावलं ते कळलं नाही, पण सगळं बरोबरच असणार.

हे आम्ही कोणाला सांगितलं नाही. माझ्या आईलाही नाही, तिने पुन्हा कुठे जाऊच दिलं नसतं. आवाजाचं संदीपलाही खोलीवर गेल्यावरच सांगितलं. तो म्हणाला, वारा असेल. मी म्हटलं, असेल.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी मी घरी एकटी होते, संदीप गाडीत पेट्रोल भरायला गेलेला. दार वाजलं. उघडलं तर धोतर-टोपीतला एक म्हातारा, खांद्यावर नव्या तांदळाचं चुंगडं. फोटोमुळे ओळखलं. पाणी विचारावं की पाया पडावं, काही सुचेना. त्यांनी चुंगडं खाली ठेवलं, खोकले, आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"पोरी, खुटी पाह्यली होती का तू?"

तोच आवाज. मी चौकट धरून खालीच बसले.

ते पण समोर पायरीवर बसले. मी विचारायच्या आधीच सांगायला लागले. "बुधवारची गोष्ट. रब्बीले पाणी सोडून राहिलो होतो. तलाव उतरून राहिला, आन् माह्या डोळ्यासमोर खुटी बुडाली. उतरत्या पाण्यात खुटी कायले बुडते? आन् माह्या तोंडातून निघालं, पोरी, मागं पाह्य. जोरात ओरडलो. पाळीवर कोणी नव्हतं." मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मले पोरगी नाही. एकच पोरगा. घरी येऊन तीन दिवस इचार केला, पोरी म्हणलं ते कोणाले? मंग तुह्या सासूनं सांगतलं, तुमी दोघं समुद्रावर गेले म्हणून. रात्रभर झोपलो नाही. जिती आहेस ना, पाहाले आलो."

मी रडत होते, ते खाली बघत होते. संदीप परत आला तेव्हा आम्ही दोघं तसेच पायरीवर बसलेलो. तो गाडी स्टँडवर लावायची विसरला, आणि ती पडली.

आता तुम्ही म्हणाल योगायोग. मीही सगळं तपासलं. सासूबाईंना फक्त गेल्याचं माहीत होतं, खुटीचं नाही. भीतीने भास झाला म्हणावं तर तेव्हा मी घाबरले नव्हते, रागात होते. आणि कधी न ऐकलेल्या आवाजाचा भास कसा होतो, हे लॅबमधल्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

होळीला आम्ही दोघं गावी गेलो. पाळीवर सासऱ्यांनी माझ्या हातात खुटी दिली आणि म्हणाले, ठोक. मी वाकडी ठोकली. त्यांनी ती तशीच राहू दिली. तेवढ्यात मी विचारून घेतलं, बाबा, हे झालं कसं?

"मले का मालूम?" ते म्हणाले. "चाल घरी. चहा मांड, पोरी."