न चाखलेली कॉफी

मी चहाची माणूस. कॉफीचा थेंबही घेत नाही, आणि तरी आमच्या घरात कॉफी मीच करते. सुनेला फिल्टरची, मुलाला बिनदुधाची कडक, आमच्या ह्यांना जायफळ घातलेली दुधाळ. आज सकाळी मुलाच्या कागदी गाळणीत गरम पाण्याची बारीक धार सोडली, तर कॉफीची पूड आचेवरच्या भाकरीसारखी टम्म फुगली. भाजक्या शेंगदाण्यांचा वास आला, मग त्यात गुळाचा गोडवा उतरला. तिथेच मी हात आवरला. आणखी पाणी गेलं असतं तर ती कडवट झाली असती.

"आई, न चाखता कसं कळतं हो तुम्हाला?" सुनेने विचारलं.

"नैवेद्याचा स्वयंपाक चाखतो का गं आपण?"

ती हसली. पण मी थट्टा करत नव्हते. देवाआधी जिभेला लावायचं नाही, म्हणून आमटीतलं मीठ मी वासावरून ओळखायला शिकले. दुसऱ्यासाठी रांधताना आपली जीभ मध्ये आणायची नाही, ही काही लहानसहान विद्या नव्हे. जिला ती साधली, तिने खुशाल मिरवावं. मी मिरवते.

सुनेने पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मुलाने पेपरातून मान वर न काढताच रिकामा कप पुढे केला. ह्यांनी बशीसुद्धा निपटून घेतली.

नैवेद्य पोचला होता. मग मी माझ्यासाठी चहा ठेवला, भरपूर आलं घालून.