एस्टिमेटमधून कापलेली टेस्ट

देसाई साहेबांनी माझी शीट माझ्याकडे सरकवली आणि खालच्या एकूण खर्चाच्या ओळीवर पेन ठोकलं. "कांबळे, हे अजून खाली आण. आजच."

"सर, आता नुसती हाडं उरलीयत."

"मग हाडं मोज. एखादं जास्तीचं निघेल."

मी तेव्हा एका रिसायकल्ड वॉटर लाइनवर कॉस्ट इंजिनियर होते. गटाराचं पाणी घाटकोपरच्या प्लांटमध्ये साफ करायचं आणि पाइपमधून पवईच्या ऑफिसांपर्यंत न्यायचं. तिथे ते एसीला, बागेला, फ्लशला वापरायचं. पिण्यासाठी नाही. तेवढंच पिण्याचं पाणी शहराला वाचतं. देसाई साहेब प्रोजेक्टचे प्रमुख. पैसा बराचसा कर्जाचा, हप्त्याहप्त्याने येणारा, आणि प्रत्येक हप्त्याला एक अट. पुढच्या हप्त्याची अट अशी, की मार्चअखेर पहिल्या टप्प्यात पाणी वाहताना दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर हप्ता लांबणार, कंत्राटदाराचं बिल अडकणार आणि तो माणसं उचलून दुसऱ्या साइटवर नेणार.

आणि आमचं घोडं चाळींच्या एका वस्तीपाशी अडलं होतं. शेजारचा मोठा रस्ता खोदायची परवानगी मिळेना. न खोदता जमिनीखालून पाइप ढकलत न्यायचा म्हटलं, तर खर्च कित्येक पट. मग जुन्या नकाशात एक बंद पडलेली पाण्याची लाइन सापडली, वस्तीच्या बोळातून जाणारी. ती आतून साफ करून वापरायची, असं ठरलं. साहेब खूश. तरीही शीट बजेटात बसेना, म्हणून मी हाडं मोजायला बसले. खाली एक छोटा आयटम होता : रंगाची टेस्ट. लाइनमध्ये आधी रंग घातलेलं पाणी सोडायचं आणि आसपासच्या नळांना रंग येतो का, ते बघायचं; आला तर आपलं पाणी लोकांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळणार. या लाइनवरची घरांची कनेक्शनं तोडल्याचा जुना रिपोर्ट फाइलला होताच. मी आयटम कापला. शीट बसली.

दोन दिवसांनी साइटवर गेले. बोळात एक म्हातारे गृहस्थ स्टूल टाकून आमचं काम बघत होते. परब नाव. पूर्वी चावीवाले होते, म्हणजे लांब लोखंडी चावीने रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवून एकेका भागाला पाणी सोडणारे. आता तिथल्याच एका चाळीत राहत होते.

"रंग कधी सोडतास?" त्यांनी विचारलं.

"काका, गरज नाही. या लाइनवरची सगळी कनेक्शनं तोडलीयत. रिपोर्ट आहे."

ते हसले. "लिवलेला आनि तोडलेला एकच नसता, बाय."

मी घाईचं कारण सांगून निघाले. पण रिक्षात बसल्यापासून फोनवर तीच शीट उघडत होते, मिटत होते. घरी आल्यावर नळाखाली ग्लास धरला आणि भरलेला तसाच ओट्यावर ठेवला. नवऱ्याने विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. काय सांगणार? कापलेला आयटम माझाच होता.

सकाळी बॅग खाली ठेवायच्या आधी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, रंगाची टेस्ट परत घालायचीय."

"तूच कापलीस ना?"

"हो. चूक झाली."

"अगं, आठवडा जाईल. मार्च संपत आला. रिपोर्ट आहे आपल्याकडे."

"त्या रिपोर्टवर सही करणाऱ्याने खोदून बघितलं होतं का, ते आपल्याला माहीत नाही."

"आणि हप्ता गेला तर? वरती उत्तर कोण देणार? तू?"

"मी लेखी देते, सर."

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "दे. आणि पैसे कुठून आणणार, तेही त्यातच लिही."

अचानक उद्भवणाऱ्या खर्चासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून मी ते काढले. तिथेही फार काही उरलं नव्हतं.

टेस्टच्या दिवशी सकाळी अकराला लाइनमध्ये स्वच्छ पाण्याचे टँकर रिकामे केले, त्यात निरुपद्रवी गुलाबी रंग. मी आणि ज्युनियर इंजिनियर चाळीचाळीत फिरून नळ उघडत होतो. पहिली चाळ साफ. दुसरी साफ. तिसरीही. साहेबांचा फोन आला. "झालं ना समाधान? आता पुढे सरका."

फोन ठेवते तोच चौथ्या चाळीतून तिथे राहणाऱ्या शिंदे मावशींची हाक आली. "ओ मॅडम, आमच्या टाकीत सरबत कोण ओततंय?"

मी धावले. त्यांनी जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचललं होतं. कोपऱ्यात गंजलेल्या पाइपचं एक तोंड होतं. वर्षानुवर्षं कोरडं, म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. आता त्यातून गुलाबी धार पडत होती. चाळीतली सगळी घरं याच टाकीचं पाणी पीत होती.

मी तिथेच पायरीवर बसले. मावशी विचारत होत्या, "विषारी नाय ना?" नाही, म्हटलं, हे नाही. पुढच्या आठवड्यात याच तोंडातून गटाराचं साफ केलेलं पाणी आलं असतं. तेही सांगितलं. त्या जे बोलल्या, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ऐकून घेतलं.

टाकी उपसून, धुऊन दिली. पूर्ण लाइन उघडी करून बघितली, तेव्हा अशी आणखी तीन तोंडं निघाली. सगळी बंद केली, पुन्हा रंग सोडला, पुन्हा नळ तपासले. यात मार्च गेला. हप्ता लांबला, कंत्राटदाराने अर्धी माणसं नेली आणि पवईला पाणी पावसाळ्यानंतर पोचलं. फाइलवर विलंबाचं कारण लिहिलं गेलं : कॉस्ट विभागाने आवश्यक आयटम वगळला. साहेबांनी ते मला वाचून दाखवलं. मी सही केली, कारण ते खरं होतं.

पूर्वी मी सगळ्यात छोटे आयटम आधी कापायचे. कुणी विचारत नाही. आता कापायच्या आधी एक कॉलम भरते : हे काम राहिलं तर त्रास कुणाला? तिथे ऑफिसबाहेरच्या माणसाचं नाव आलं, तर पैसे दुसरीकडून शोधते.