आडात परत सोडलेलं पाणी

माझी आई गेल्या श्रावणात गेली. तिला मी एक गोष्ट खरी सांगितली नाही. ती लिहून ठेवतो आहे.

आमचं घर जैनांचं, सांगलीहून कवठे महांकाळला जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात. गल्लीत एकच आड होता आणि सात-आठ घरं त्याचं पाणी पीत. आई पाणी दुहेरी फडक्यातून गाळी. मग फडकं उलटं धरून, गाळलेल्याच पाण्यानं तांब्यात खळबळून घेई आणि ते पाणी पुन्हा आडात सोडी. आम्ही त्याला जिवाणी म्हणतो. फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, असा नेम. वरून ओतलं तर त्यांना मार बसेल, म्हणून ती तांब्या दोरानं थेट पाण्यापर्यंत उतरवी आणि हलका हिसका देऊन कलता करी.

समोरच्या घरातली मराठ्यांची बाई आईची मैत्रीण. तिला याची मोठी गंमत वाटे.

"काय वैनी, किड्यास्नी म्हायारी पोचवलं का?"

"पोचवलं. तुला कोन न्हेत न्हाई म्हनून जळतीस व्हय?"

"जळू नको तर काय! माझा भाऊ दिवाळीला सुदीक येत न्हाई, आन् तुमच्या किड्यास्नी रोज दोर!"

दोघी रहाटाला टेकून हसत.

युद्धाची वर्षं होती. मी सांगलीला शिकत होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. तेव्हा धाकटे काका एका जत्रेहून आजारी होऊनच परतले. वांत्या, जुलाब. पटकी हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. पाण्याची कळशी त्यांच्या उशाशी असे. तहान आवरत नसे, म्हणून ते स्वतःच भांडं बुडवून घेत. त्यांचे हात कसे असत हे आईला दिसत होतं, पण आजाऱ्याची किळस करू नये, अशी तिची शिकवण.

गाळलेलं पाणीही आमच्यात फार वेळ चालत नाही. दोन घटका झाल्या की ते पुन्हा गाळायचं. त्या धावपळीतही आईनं नेम मोडला नाही. कळशीत उरलेलं पाणी ती पुन्हा पुन्हा गाळी, फडकं खळबळी आणि जिवाणी आडावर नेई. एकदा ती फार दमलेली दिसली, तेव्हा तांब्या मी नेला. दोर मीच सोडला.

काका बरे झाले. पुढं चार दिवसांनी समोरची बाई आजारी पडली. सकाळी तिनं अंगण सारवलं होतं, दुपारी तिचे डोळे खोल गेले होते. आई तिच्या तोंडात आमचं गाळलेलं पाणी घोटघोट घालत होती.

"किडं काढलं न्हवं ह्यातलं, वैनी?"

"काढलं गं. पी तू."

दिवेलागणीच्या आत ती गेली. गल्लीत आणखी दोघं गेली. तालुक्याहून एक माणूस येऊन आडात औषध टाकून गेला. पाणी गुलाबी झालं. आई आडाच्या कडेला बसून रडली. मैत्रिणीसाठी की त्या पाण्यातल्या जिवांसाठी, मी विचारलं नाही.

सांगलीला परतल्यावर आरोग्यशास्त्राच्या पुस्तकात पटकीचं प्रकरण आलं. रोग्याच्या हाताला लागलेलं पाण्यात कसं जातं आणि पाण्यातून घराघरात कसं पोचतं, ते चार ओळींत होतं. मी पुस्तक मिटलं. ओढ्यात मेलेलं ढोर ढकलणाऱ्यांना आम्ही नावं ठेवत होतो. आमचा तांब्या तर घासूनपुसून लख्ख होता. त्यातलं पाणी आडात पडलं की सगळ्या गल्लीच्या घशात उतरतं, हे दयेच्या भरात आम्हाला कधी सुचलं नाही.

दिवाळीत घरी गेलो. गप्प राहावं, तर पुढच्या आजारपणात आई तेच करणार. सांगावं, तर मैत्रिणीचं मरण तिला जन्मभर उरावर वागवावं लागणार. आई जोंधळे निवडत होती.

"आजाऱ्याच्या उशाचं पाणी आडात सोडायचं न्हाई, आई. पुस्तकात लिहिलंय."

"का?"

"रोग पसरतो."

तिचे हात थांबले. "मग तवा..."

"तवा तसं न्हाई झालं. ती खालच्या आळीला लग्नात जेवली हुती. तिथनं आलं ते."

"कुनी सांगितलं?"

"डाक्टरनं."

असा कुणी डॉक्टर नव्हता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग "बरं" म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

गेल्या श्रावणात तिलाच ताप आला, पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी मी तिच्या उशाची कळशी गाळायला उचलली.

"गाळू नगं," ती म्हणाली. "चुलीत वत."

"आई, तुझा नेम?"

"माझा नेम मी मोडतीया. तू वत."

मी ते पाणी निखाऱ्यांवर ओतलं. ते चरचरलं तशी तिनं डोळे मिटून हात जोडले. ओठ हलत होते, त्या जिवांची क्षमा मागत असावी. तिला सगळं ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. माझं खोटं तिनं इतकी वर्षं पाळलं होतं, आणि एकदा तांब्या माझ्याही हातात होता, हे ती विसरली नसणार.

बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी कळशी विसळायला परसात गेलो. परत आलो तेव्हा तिला झोप लागली होती.