डोळा दाखव

गुण देताना माझा हात आखडता असतो, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. अर्ध्या गुणासाठी पोरं माझ्याशी हुज्जत घालतात आणि तोंड पाडून परत जातात. मला त्याचं काही वाटत नाही.

ती पोरगी दहावीत आली तेव्हा मी तिची वर्गशिक्षिका होते. तिला रक्ताचा कॅन्सर होता. नांदेडच्या दवाखान्यातून ती वर्षभराने परतली होती. केस नुकते उगवले होते आणि गोळ्या रोजच्या सुरू होत्या. डॉक्टरांनी तिच्या वडिलांना बजावलं होतं आणि वडिलांनी मला: औषधांचा लिव्हरला त्रास झाला तर डोळे पिवळे होतील, तसं दिसलं की लगेच निघायचं. तिला मात्र वेगळाच घोर होता. एक वर्ष आजारात गेलं होतं, दुसरं जाऊ द्यायला ती तयार नव्हती. दहावीचा एकही पेपर बुडता कामा नये, एवढंच तिचं म्हणणं.

आता आमच्या कुरुंदा गावाकडे कुणाच्या पिवळेपणावर लक्ष ठेवायचं म्हणजे थट्टाच. जानेवारी सरला की आमच्याकडे घरोघर हळद निघते, शिजते, वाळते. पोरांचे तळवे पिवळे, वह्यांचे कोपरे पिवळे, माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यांच्या कॉलरीसुद्धा पिवळ्या. म्हणून रोज हजेरीआधी मी तिला जवळ बोलवायची आणि म्हणायची, "डोळा दाखव." खालची पापणी ओढून बघायची. पांढरा दिसला की माझा दिवस सुरू व्हायचा.

एकदा मी शेतातून तशीच शाळेत आले होते. तिचा डोळा बघितला, पांढरा होता, मी निश्चिंत झाले. मधल्या सुट्टीत ती जेवायला घरी गेली आणि आईने तिच्या डोळ्याखाली पिवळं बघून एकच आरडाओरडा केला. दवाखान्यात नेण्याआधी मला सांगायला वडील मोटारसायकल काढून तिला घेऊन थेट शाळेच्या दारात. मी धावले, पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, आणि मग माझी बोटं मलाच दिसली. हळद माझ्याच हाताची होती. मी इतकी घाबरले होते की उगाच शिपायावर डाफरले. पोरगी पोट धरून हसत होती.

"मॅडम, उद्यापासून तुमचा हात न्हाई लावायचा. मीच दाखवीन."

तेव्हापासून मी वर्गात शिरले की ती आपणच पापणी ओढून दाखवायची, जीभही बाहेर काढायची. मी रागवायची. मनातून बरं वाटायचं.

मार्च आला. एकेक पेपर होत गेला. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी मी रोज आधी जाऊन उभी राहायची. शेवटचा पेपर भूगोलाचा. त्या सकाळी ती वडिलांच्या मोटारसायकलवरून उतरली आणि खाली मान घालून माझ्या बाजूने पुढे निघाली. पापणी ओढली नाही.

"काय गं, डोळा?"

"घरी हळद शिजवून राहिले, मॅडम. तिचीच लागली असंल."

मी रुमाल ओला केला आणि तिच्या डोळ्याखाली पुसलं. पुन्हा पुसलं. रुमाल पांढराच राहिला. तिने वर बघितलं, तेव्हा डोळा पिवळा होता.

वडिलांनी दवाखान्यात फोन लावला. ताप आहे का, शुद्ध नीट आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि ताप नाही, शुद्ध नीट आहे म्हटल्यावर पेपर सुटताच थेट घेऊन यायला सांगितलं. फोन बंद झाला तरी वडील हलेनात.

"काय करू, मॅडम? आत्ताच नेऊ का?"

"आण्णा, एवढाच राह्यला," पोरगी म्हणाली. "काहून नेता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, लिहू द्या. ती आत गेली. आम्ही दोघं पेपर सुटेपर्यंत बाहेरच उभे राहिलो. बाहेर येताच ती म्हणाली, नकाशा सगळा भरला. मग मोटारसायकलवर बसली.

ती परत आली नाही. एप्रिलमध्ये दवाखान्यातच गेली. थोडं आधी नेलं असतं तरी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकूनही मला झोप लागत नव्हती.

निकालाची गुणपत्रिका न्यायला वडील एकटेच आले. घरी वाळलेली हळद घासून पॉलिश करणं चाललं होतं. त्यांनी दोन्ही हात मागे घेतले.

"तुमीच धरा, मॅडम. हात भरलेत. भूगोलाचे किती हायेत, तेवढं सांगा."

मी कागद बघितला. त्यात इतिहास-भूगोलाचे गुण एकत्रच असतात. त्या सकाळचे किती, ते वेगळं कळत नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पैकीच्या पैकी," मी म्हणाले.