पाहुण्यांना विचारायचं वाक्य

अन्सा राजधानीत, अक्राच्या विद्यापीठात नेमकं काय शिकते, हे तिच्या घरी चार वर्षांत कोणाला कळलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती "वाचा आणि भाषेचे विकार" असं खणखणीत सांगायची. दुसऱ्या वर्षी "ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलतं करायचं" इथवर उतरली. तिसऱ्या वर्षी "डॉक्टरकीसारखंच काहीतरी" म्हणून मोकळी झाली. त्यातलं 'डॉक्टर' तेवढं आईने गावभर पोचवलं आणि सुट्टीत शेजारणी गुडघे दाखवायला येऊ लागल्या.

सगळ्यात जास्त टिंगल करायचा तो ओफेई मामा. मामा राजाचा ओच्यामे होता. डोंगरावरच्या त्या गावात राजाशी थेट कोणी बोलत नाही आणि राजाही थेट कोणाशी बोलत नाही. राजा ओठांतल्या ओठांत चार शब्द पुटपुटतो आणि शेजारी सोनेरी मुठीची काठी घेऊन उभा असलेला ओच्यामे त्यांचं भाषण करतो. राजा नुसतं "नाही म्हणावं" म्हणाला, तर मामा पाव तास असा काही बोले की नकार घेऊन निघालेला माणूस आभार मानत उठे.

"बोलायला शिकायला चार वर्षं?" तो अन्साला म्हणे. "अगं डॉक्टरीणबाई, मला विचारायचंस! उभ्या उभ्या शिकवलं असतं."

तिच्या शिक्षणाचा भार मात्र त्यानेच उचलला होता. त्यांच्यात भाचरं बापाची नव्हे, मामाचीच.

अन्सा शेवटच्या वर्षात असताना मामाच्या मेंदूत गुठळी अडकली. हातपाय महिन्याभरात सावरले, पण शब्द गेले. समोरचं सगळं त्याला समजे, म्हणायचं कायकाय असे, आणि तोंडातून "ते... ते..." एवढंच निघे. अन्साने त्यालाच आपला शेवटच्या परीक्षेचा रुग्ण म्हणून घेतलं. मार्गदर्शक लाम्प्टेबाईंनी परवानगी दिली, वर चित्रांच्या पत्त्यांचा परदेशी गठ्ठाही दिला.

पहिल्याच पत्त्यावर बर्फाचा माणूस होता, गाजराच्या नाकाचा. मामा बराच वेळ बघत राहिला. अन्साने वहीत शून्य लिहिलं.

आईने मागून डोकावून विचारलं, "हे कोण गं? पिठात पडलंय का?"

"बर्फाचा माणूस आहे, आई."

"मग मलाही शून्य दे. धड माणसाचं तोंड बंद होईल असलं काही बघून!"

अन्साने तो गठ्ठा ठेवून दिला आणि स्वतः पत्ते काढले: कोयता, कोकोची शेंग, मक्याच्या पिठाची केंकी, शेळी, ढोल. पाच महिने ती दर शनिवार-रविवारी डोंगर चढून येत होती, मामाच्या दर शब्दाला वहीत एक रेघ ओढत होती. चार शब्दांवरून मामा चाळिसावर आला. कोयत्याला कोयता म्हणू लागला. पण कोयत्याने काय केलं, हे त्याला सांगता येत नव्हतं.

ओद्विराचा सण तीन आठवड्यांवर आला आणि एका रविवारी सकाळी दरबारातले तीन वडीलधारे घरी आले. आईने पाणी दिलं. ते पिऊन तिघेही गप्प बसले. घरच्या पुरुषाने विचारल्याशिवाय पाहुण्याने काम सांगायचं नाही, ही रीत. इथे घरचा पुरुष म्हणजे मामा. एकाने खोकून बघितलं. दुसऱ्याने छपराची तारीफ केली.

तेवढ्यात मामा ताठ बसला आणि जुन्या भरदार आवाजात म्हणाला, "इथे सगळं शांत आहे. वाट चालून आलात ते तुम्ही. काय सांगणं आणलंत?"

तिघांतल्या थोरल्या लार्बींनी मांडीवर थाप मारली. "अरे! कोण म्हणतं याची वाचा गेली?"

आई पदराने डोळे पुसू लागली. लार्बी म्हणाले, "खरं सांगू? काठी परत न्यायला आलो होतो. आता प्रश्नच नाही. ओद्विराला पलीकडचा राजा हद्दीचं भांडण घेऊन येतोय. त्याला उत्तर द्यायला ओफेईच पाहिजे!"

मामाचा चेहरा उजळला. पाहुण्यांना विचारायचं, आयुष्यभर घोटलेलं वाक्य अखंड बाहेर पडतं, पाठ असलेल्या गाण्यासारखं. ते बोलणं नव्हे. हे अन्साला माहीत होतं, आणि त्या घरात फक्त तिलाच. तिच्या डोळ्यांसमोर दोन राजे, भरलेलं मैदान आणि तोंड उघडून उभा राहिलेला मामा आला.

"जरा थांबा," ती म्हणाली.

लार्बींना बाजूला नेऊन सांगता आलं असतं. पण विद्यापीठाने तिला शिकवलं होतं, नुसतं सांगू नका, करून दाखवा.

"मामा, आज सकाळी काय खाल्लंस ते यांना सांग."

मामा हसला. हात उचलला. "ते..." कपाळावर घाम आला. "ते... शे..." त्याने अन्साकडे बघितलं, पोहता न येणारा माणूस काठाकडे बघतो तसं. मग एकदम तोच भरदार आवाज निघाला, "इथे सगळं शांत आहे. वाट चालून आलात ते तुम्ही..."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"दमलास, ओफेई," लार्बी हळूच म्हणाले. "आता आराम कर."

कोपऱ्यातली काठी त्यांनी कापडात गुंडाळली. पाहुण्याने निघताना परवानगी मागायची असते. ती त्या दिवशी कोणी मागितली नाही.

अन्साचा अहवाल वर्गात पहिला आला. 'चार शब्दांवरून एक्केचाळीस. उत्कृष्ट प्रगती,' लाम्प्टेबाईंनी समासात लिहिलं, आणि तोंडाने म्हणाल्या, "घरचे किती खूश असतील, नाही?"

ओद्विराच्या दिवशी ती घरी आली. मैदानावर ढोल वाजत होते, सगळं गाव तिकडे होतं. मामा अंगणात एकटाच बसला होता. चारचौघांसमोर होणारी शोभा आपण टाळली, असं तिने वाटेत स्वतःला पुन्हा एकदा पटवलं होतं. ती समोर बसली. दुसरं काही सुचेना म्हणून तिने पत्ते काढले, वही उघडली.

मामाने पत्ते बाजूला सारले. मग विहिरीतून एकेक बादली ओढावी तसा एकेक शब्द ओढत तो म्हणाला,

"तू... बोलायला... नको... होतंस."

हे कुठल्या पत्त्यावर नव्हतं. कुठल्या रीतीतलंही नव्हतं. आजारपणानंतरचं हे त्याचं पहिलं स्वतःचं वाक्य होतं.

अन्साने खाली बघितलं. तिच्या हाताने सवयीने वहीत चार रेघा ओढल्या होत्या.